घाटातला थांबा आणि हातातला खाऊ

लोणावळ्याची चिक्की आणि कर्जतचा वडा यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुतेक चवीविषयी असते. कोणाची चिक्की अधिक कुरकुरीत, कोणत्या वड्यात लसूण सढळ, यावर घरोघरी वाद होतात. माझा प्रश्न वेगळा आहे. हे पदार्थ नेमके इथेच का रुजले? इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. बोरघाटाच्या वाटा पायी तुडवताना आणि रेल्वेची जुनी वेळापत्रके चाळताना जे उमगले, ते येथे मांडतो.

पहिले उत्तर सुचते ते मातीचे. नागपूरची संत्री, जळगावची केळी, तशी लोणावळ्याची चिक्की. पण हे उत्तर टिकत नाही. मावळ हा भाताचा मुलूख. आंबेमोहर इथला जुना आणि इंद्रायणी वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गूळ म्हटला की कोल्हापूर-कऱ्हाड आठवते आणि भुईमूग म्हटला की घाटापलीकडचा कोरडा देश. चिक्की हा दमटपणाला भिणारा पदार्थ. तो राज्यातल्या सर्वांत ओल्या गावांपैकी एका गावी प्रसिद्ध व्हावा, हेच मुळात नवल आहे. वड्याचेही तेच. बटाटा, मिरची आणि चिक्कीतला शेंगदाणा, तिन्ही अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेले पाहुणे.

मातीत उत्तर नाही, तर ते वाटेत असले पाहिजे. कोकणातून देशावर चढणाऱ्याला बोरघाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर थांबावेच लागते. थांबलेल्या माणसाला भूक लागते आणि त्याची सोय कोणीतरी करतो. ही गोष्ट दोन हजार वर्षे जुनी आहे. कार्ल्याच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वलुरक, म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या वर्षावासाच्या निर्वाहासाठी त्याने करजिक नावाचे गाव दान दिले. घाटमाथा, पावसाने अडकलेली माणसे आणि त्यांच्या अन्नाची तजवीज, असा तो सरळ मामला आहे. घाटातल्या खाण्याची जुनी नोंद म्हणून हा शिलालेख वाचता येतो, असे मला वाटते.

पुढे १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. त्यानंतर आली रेल्वे. घाटातल्या लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग उघडला. पंचवीस बोगदे, काही ठिकाणी सदतीस फुटांना एक फूट असा चढ आणि १८६१ साली कामावर सुमारे ४२ हजार माणसे. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचे नाव इतिहासात आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे पोहोचताच वारले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे नेले, हेही नोंदले गेले आहे. मजुरांची गाठ मात्र तंट्याच्या वेळीच पडते. आधीच्या कंत्राटदाराच्या काळात, १८५९ च्या जानेवारीत, थकलेल्या मजुरीवरून त्यांनी दंगा केला, म्हणून ते कागदावर आले. ते काय खात होते, हे कोणी लिहिले नाही.

रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना विकली जाणारी गुडदाणी हीच पुढे चिक्की झाली, अशी कथा लोणावळ्यात सांगतात. कथा मजुराच्या गरजेशी जुळणारी आहे. गूळ चटकन अंगात शक्ती आणतो, शेंगदाणा पोटात टिकतो, चूल पेटवावी लागत नाही आणि पदार्थ नासत नाही. उन्हातून आलेल्याच्या हातावर गूळ ठेवून पाणी देण्याची आपली रीत तर त्याहून जुनी. चिक्की म्हणजे त्या गूळपाण्याचीच विकाऊ वडी.

रेल्वेने घाटाला थांबण्याची शिस्त दिली. सुरुवातीच्या मार्गावर खंडाळ्याखाली एक रिव्हर्सिंग स्टेशन होते. तिथे गाडी थांबे, इंजिन एका टोकाचे सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेने चढू लागे. १९२९ च्या सुमारास नवा मार्ग होऊन ते बंद पडले. पण चढणीसाठी कर्जतला मागून जादा इंजिने लावणे चालूच राहिले. रेल्वेची माणसे त्यांना ‘बँकर’ म्हणतात. उतरणाऱ्या गाड्यांनाही ब्रेक तपासायला घाटात थांबावे लागते. म्हणजे हा थांबा प्रवाशाच्या सोयीसाठी नव्हताच. तो इंजिनाच्या गरजेचा होता. कर्जतच्या फलाटावरचा ‘दिवाडकर वडा’ मोठा झाला तो याच मिनिटांवर.

इथे दोन पदार्थांची दोन घड्याळे दिसतात. वडा थांब्याच्या आत संपतो. कढईतून निघाला, कागदात बांधला, सुकी लसणाची चटणी पडली आणि शिटी व्हायच्या आत पैसे हातात आले पाहिजेत. चिक्की थांब्यानंतर सुरू होते. गुळाच्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून तो कट्‌कन तुटतो का ते पाहायचे, भाजून सोललेले दाणे घालायचे, तूप लावलेल्या ओट्यावर लाटायचे आणि गरम असतानाच सुरी फिरवायची. मग हवाबंद पुडा. तो पुडा घरी जातो आणि आठवडाभर लोणावळ्याचे नाव घेतो. म्हणून गावाचे नाव चिक्कीला चिकटले आणि ‘मगनलाल’ हे नाव बाजारपेठेतल्या अनेक पाट्यांवर पसरले.

हा नियम मावळापुरता नाही. तैवानमध्ये जपानी अमलात, १९१२ साली सुरू झालेली आलीशानची वनरेल्वे आपल्या घाटाची दूरची बहीण शोभेल. मध्यावरच्या फेनचीहू स्थानकात इंजिन कोळसा-पाणी घेई, वेळ साधारण दुपारची असे, आणि तिथला डब्यातला भात देशभर गाजला. तैवानचे प्रसिद्ध रात्रबाजारही थांब्यांवरच वाढले, फक्त तिथला थांबा बहुधा देवळाचा. कीलुंगच्या रात्रबाजाराचे नावच ‘म्याओखौ’, म्हणजे देवळाचे दार. आपल्या जत्रेतल्या पालांची आठवण यावी असे हे नाते. त्या बाजारांत शेंगदाण्याच्या घट्ट चिक्कीची लादी सुताराच्या रंध्यासारख्या हत्याराने किसतात, तो कीस पातळ पोळीवर पसरून त्यावर आइस्क्रीमचे गोळे आणि चक्क कोथिंबीर घालून गुंडाळी करतात. शेंगदाणा तिथेही परकाच होता.

आता थांबे सरत चालले आहेत. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने लोणावळ्याची बाजारपेठ बाजूला टाकली आणि खाणे फूड मॉलमध्ये नेले. १० फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. तिच्या खिडक्या उघडत नाहीत. वेळ वाचतो, ते चांगलेच आहे. पाटीवर नाव असलेले दुकानही तग धरेल. त्याने थांब्याचे रूपांतर केव्हाच नावात केले आहे. प्रश्न डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्यांचा आहे. उन्हाळ्यात पानांच्या द्रोणांत करवंदे-जांभळे विकणाऱ्या कातकरी आणि ठाकर बायका, घाटात कणसे भाजणारे, डब्यांतून वडे घेऊन चढणारे, यांच्याकडे फक्त थांबाच होता.

कायदा त्यांना काय देतो? २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने रस्त्यावरच्या विक्रेत्याला प्रथमच सर्वेक्षणाचा, प्रमाणपत्राचा आणि नगर समितीतल्या प्रतिनिधित्वाचा हक्क दिला. पण त्याच अधिनियमाच्या पहिल्याच कलमात रेल्वेची जमीन, आवार आणि गाड्या वगळल्या आहेत. तिथे लागू होतो १९८९ चा रेल्वे अधिनियम आणि त्याच्या कलम १४४ नुसार विनापरवाना फेरीविक्री हा गुन्हा ठरतो. ज्या रेल्वेने हा धंदा जन्माला घातला, तिच्याच हद्दीत त्याला संरक्षण नाही.

घाटमार्गाच्या बांधणाऱ्यांपैकी अभियंत्याचे नाव उरले आणि मजुराचे गेले. खाऊ घालणाऱ्यांच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे नसेल, तर काम आजच करावे लागेल. कर्जत ते लोणावळा या टापूत फलाटावर आणि वळणावर ज्यांनी हयात काढली, अशी माणसे अजून आहेत. कोण केव्हा आले, माल कुठून आणत, कोणती गाडी किती मिनिटे थांबे आणि तेवढ्यात काय खपे, हे त्यांना तोंडपाठ आहे. स्थानिक शाळा-महाविद्यालयांनी आणि नगरपरिषदेने हे उतरवून घ्यावे. पदार्थाची कृती कोणीही लिहून ठेवील. ती मिनिटे ज्यांनी मोजली, ती माणसे गेल्यावर त्यांचा हिशेब सांगायला वेळापत्रक पुरणार नाही.