वस्त्रगाळ पाणी

हंड्याच्या तोंडाशीं जुन्या लुगड्याची घडी धरून पाणी गाळणें ही आपल्या घरांतली फार जुनी चाल. मनुस्मृतीनें हा नियम संन्याशाला घातला, जैन गृहस्थांनीं तो घरोघरीं पाळला, हेतु जीवदयेचा. पुढें १८८४ सालीं रॉबर्ट कॉख ह्यांना कलकत्त्याच्या एका तळ्यांत पटकीचे जंतु सांपडले. एवढा सूक्ष्म जंतु कापडांतून सहज निसटतो. तेव्हां ही घडी निरुपयोगीच ठरावयाची! पण तसें झालें नाहीं. हे जंतु बहुधा पाण्यांतल्या सूक्ष्म कवचधारी जीवांना चिकटून राहतात, आणि ते जीव कापडावर अडकतात. बांगलादेशांत मतलब भागांतील ६५ खेड्यांत रिटा कोलवेल प्रभृतींनीं प्रयोग केला. त्यांपैकीं जुन्या साडीच्या घडीनें पाणी गाळणाऱ्या खेड्यांत पटकी ४८ टक्क्यांनीं घटली, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. वारंवार धुवून सैलावलेले धागे छिद्रें आकसवितात, म्हणून नव्यापेक्षां जुनें वस्त्र सरस. पाणी उकळणें अर्थातच अधिक निर्धोक; पण जेथें जळणच दुर्मिळ, तेथें ही घडी प्राण वाचविते. परजीवांवर केलेली दया अशी गाळणाऱ्याच्याच पदरीं पडली.