दहा मिनिटांचे पिठले आणि पहाटेचे जाते

१/ एक कढई, दहा मिनिटे, आणि रात्रीचे जेवण तयार! दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसाला अशा पाककृतीचे मोल वेगळे सांगायला नको. परंतु हे जेवण ‘झटपट’ नेमके होते कशामुळे? मावळातल्या हुलग्याच्या पिठल्यामागे या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते कार्ल्याच्या लेण्यांपासून लोणावळ्याच्या धरणांपर्यंत जाते. #धागा

२/ आधी जरा दूरचे उदाहरण. १९७१ साली अमेरिकेत जनरल मिल्स कंपनीने ‘हॅम्बर्गर हेल्पर’ नावाचे पाकीट देशभर विकायला आणले. तेव्हा मांस महागले होते. थोडासा गोमांसाचा खिमा परतायचा, त्यात पाकिटातला पास्ता, मसाला आणि पाणी घालायचे, की एकाच पसरट तव्यात अख्ख्या कुटुंबाचे जेवण होई.

३/ हा वेळ वाचला कसा? खिमा यंत्रातून आधीच निघालेला होता. पास्ता कारखान्यात मळून, कापून, वाळवून आलेला होता. घरातल्या चुलीपाशी उरले होते ते फक्त शेवटचे काम. म्हणजे वेळ नाहीसा झाला नव्हता. तो आधीच, दुसरीकडे, दुसऱ्या कुणीतरी खर्च केला होता.

४/ मावळातल्या पिठल्याचा हिशेबही हाच. लसूण-मिरचीची फोडणी द्यायची, पाण्याला आधण आले की एका हाताने पीठ भुरभुरायचे आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचे. गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत. झाकण ठेवून एक वाफ काढली की झाले. भातखाचरातून अंधार पडता पडता परतलेल्या बाईला ना भाजी शोधावी लागे, ना डाळ शिजत ठेवावी लागे.

५/ मात्र डब्यातले पीठ आपोआप आलेले नसे. हुलगे भाजायचे, जात्यावर भरडायचे, सुपात पाखडून टरफले काढायची आणि मग ती डाळ बारीक दळायची. सोबतच्या भाकरीसाठी नाचणी किंवा तांदूळ दळायचा. त्या तांदळासाठी आधी साळ उखळात कांडायची. रात्रीच्या दहा मिनिटांचा खरा आरंभ पहाटेच्या काळोखात होत असे.

६/ तयार अन्नामागचे श्रम नजरेआड होणे ही इथली फार जुनी गोष्ट आहे. कार्ल्याच्या लेण्यांतील शिलालेखांत या प्रदेशाचा उल्लेख ‘मामल’ असा येतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वर्षावासात तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी एक गाव दान दिल्याची नोंद तिथे कोरलेली आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीच्या त्या लेखात दात्याचे नाव आहे, गावाचे नाव आहे. त्या गावात धान्य पिकवणाऱ्या आणि कांडणाऱ्या हातांचे नाव नाही.

७/ आता विसाव्या शतकात येऊ. १९१० साली टाटा हायड्रोइलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पावसाचे पाणी अडवण्यात आले. नळांतून ते घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात सोडले गेले आणि १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्यांची यंत्रे फिरू लागली.

८/ यातला विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. मावळच्या पावसाने मुंबईतली चाती फिरत होती, आणि त्याच मावळच्या डोंगराळ गावांत जाते मात्र बायकांच्या मनगटावरच फिरत होते. पुढे कित्येक दशकांनी डिझेलवर आणि मग विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या गावोगावी पोहोचल्या. दळण डोक्यावर घेऊन जावे लागे, पैसे मोजावे लागत. पण पहाटेचे ते तास सुटले.

९/ गिरणीच्या आवाजात एक गोष्ट मात्र थांबली. जात्यापाशी दोघी समोरासमोर बसत, खुंटा धरीत, मूठमूठ वैरण घालीत आणि ओव्या गात. सासर, माहेर, भाऊ, लेक, सीतेचा वनवास, पंढरीचा विठोबा, आणि पुढे बाबासाहेब आंबेडकरही त्या ओव्यांत आले. घरात जे बोलण्याची मुभा नव्हती, ते जात्याशी बोलता येत असे.

१०/ हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे असलेले गी पॉइटवां या पुण्यातील अभ्यासकांनी १९८०च्या दशकात या ओव्यांच्या संग्रहाचे काम हाती घेतले. मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांतल्या बायकांशी त्यांचा आधीपासून संबंध होता. हे काम पुढे महाराष्ट्रभर पसरले आणि संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. पॉइटवां २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या काळानंतर, २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या.

११/ ज्या कामाची कोणत्याही दप्तरात नोंद नाही, त्याचा दस्तऐवज असा खुद्द काम करणाऱ्यांनीच गाऊन ठेवला आहे. मावळातल्या स्त्रियांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला महसुली कागदांत शेतसारा सापडेल. पहाटे दळताना दुखणारे हात आणि माहेरची ओढ सापडेल ती या ओव्यांतच.

१२/ म्हणून जाते गेल्याची हळहळ करताना सावध राहावे. ओवी सुंदर होती, पण ती गाणारीला झोपेतून उठणे भाग होते. गिरणीने तिला विसावा दिला, हा लाभ लहान नव्हे. त्याच वेळी तिचे मन मोकळे करण्याची एक जागाही गेली, हे नुकसानही खरेच. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोन्ही बाजू एकाच वहीत मांडायला हव्यात.

१३/ आज बेसनाचे पाकीट फोडून लोणावळ्यातल्या एखाद्या घरात रात्री नऊला पिठले होते. दळणारे यंत्र दूर कुठेतरी असते. जाते बहुधा कोपऱ्यात उभे असते आणि लग्नघरी हळद दळायला तेवढे बाहेर येते. तुमच्याही घरात असे जाते असेल, तर घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारून पाहा: त्यावर पहाटे काय दळले जाई, आणि दळताना काय गायले जाई? उत्तर मिळाले तर लगेच लिहून ठेवा. [समाप्त]