ईटिंग डिसऑर्डर: 'नीट जेव' म्हणून भागत नाही, मग आहारतज्ज्ञ नेमकं काय करतात?

"नीट जेवत जा, सगळं ठीक होईल." ईटिंग डिसऑर्डर असलेल्या व्यक्तीला घरात हे वाक्य वारंवार ऐकावं लागतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मनात जेवणाचीच भीती बसलेली असेल, तर या सल्ल्याचा उपयोग होत नाही. उलट बरेच दिवस उपाशी राहिलेल्या व्यक्तीला एकदम भरपूर खायला घातलं, तर ते जिवावरही बेतू शकतं.

म्हणूनच या आजारांच्या उपचारात डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या जोडीला आहारतज्ज्ञ असतात. त्यांचं काम काय असतं, समजून घेऊया.

आधी आजाराबद्दल थोडंसं

यातले तीन प्रकार जास्त ओळखीचे आहेत. ॲनोरेक्सियामध्ये वजन वाढण्याच्या भीतीने खाणं खूप कमी केलं जातं. बुलिमियामध्ये ताबा सुटून खूप खाल्लं जातं आणि मग उलटी, जुलाबाची औषधं, उपास किंवा अति व्यायाम करून ते 'भरून काढलं' जातं. बिंज इटिंग डिसऑर्डरमध्ये ताबा सुटून खाणं असतं, पण त्यानंतर असं भरून काढणं नसतं.

हे आजार मुलींना होतात तसे मुलांनाही होतात. आणि माणूस बारीक दिसत नाही म्हणून त्याला आजार नाही, असंही नसतं.

उपासमारीने मनही बदलतं

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. सुमारे सहा महिने त्यांचा आहार साधारण निम्म्यावर आणला गेला. त्यांचं वजन घटलंच, पण स्वभावही बदलले. चिडचिड आणि उदासी वाढली. डोक्यात सतत खाण्याचेच विचार येऊ लागले. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुन्हा पुरेसं अन्न मिळू लागल्यावरही काहींचं खाण्यावर नियंत्रण राहत नव्हतं.

म्हणजे अन्नाचा ध्यास किंवा एकदम तुटून पडणं, हे 'इच्छाशक्ती कमी' असल्याचं लक्षण नाही. उपाशी शरीर असंच वागतं. आहारतज्ज्ञ रुग्णाला आधी हे समजावतात, कारण त्यामुळे स्वतःला दोष देणं कमी होतं.

पहिली पायरी: घाई नको

खूप काळ उपासमार झालेल्या शरीरात अन्न अचानक वाढलं, तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरू शकतं. याला 'रिफीडिंग सिंड्रोम' म्हणतात. यात हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यामुळे अशा रुग्णाचा आहार रक्ततपासण्या करत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवतात. काहींना त्यासाठी दवाखान्यात दाखल व्हावं लागतं.

दुसरी पायरी: भुकेआधी घड्याळ

या आजारात भूक आणि पोट भरल्याची जाणीव दोन्ही बिघडलेल्या असतात. म्हणून 'भूक लागेल तेव्हा खा' हा सल्ला सुरुवातीला चालत नाही. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा छोटं खाणं आणि दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांहून जास्त अंतर नाही, अशी वेळ बांधली जाते. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि वरण-भात, संध्याकाळी दूध किंवा चिक्की, असं घरचंच साधं खाणं त्यात असतं.

बुलिमिया आणि बिंज इटिंगमध्येही हेच महत्त्वाचं. दिवसभर उपाशी राहिलं की रात्री ताबा सुटतो, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास. वेळेवर खाल्लं की हे चक्र सैल होऊ लागतं.

तिसरी पायरी: भीती वाटणारे पदार्थ

कुणाला भाताची भीती असते, कुणाला तुपाची, कुणाला बटाट्याची. आहारतज्ज्ञ अशा पदार्थांची यादी करून घेतात आणि सर्वांत कमी भीती वाटणाऱ्या पदार्थापासून सुरुवात करतात. दिवाळीचा फराळ किंवा लग्नातली पंगत निर्धास्तपणे खाता येणं, हेही बरं होण्यातच धरलं जातं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विचारावी लागते, ती म्हणजे उपवास. "आज चतुर्थी आहे" म्हटलं की घरात कुणी प्रश्न विचारत नाही. त्यामुळे जेवण टाळणं त्यामागे सहज लपतं. बरं होण्याच्या काळात उपवास थांबवावेत की नाही, हे उपचार करणाऱ्यांशी मोकळेपणाने बोलायला हवं.

घरच्यांनी काय करावं?

- शक्य असेल तर सोबत जेवायला बसा. ताटाकडे टक लावून न बघता नेहमीच्या गप्पा मारा.
- वजनावर बोलू नका, कौतुक म्हणूनही नाही. "तब्येत सुधारली हं!" हे त्या व्यक्तीला "जाड झालीस" असं ऐकू येतं.
- स्वतःच्या डाएटची चर्चा तिच्यासमोर टाळा.
- एखादं जेवण चुकलं तर ओरडू नका. पुढचं वेळेवर होऊ द्या.

फक्त डाएट चार्ट पुरेसा आहे का?

नाही. ॲनोरेक्सियात आहार समुपदेशन हा एकटाच उपचार म्हणून देऊ नये, ते इतर उपचारांसोबतच असावं, असं ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

आहारतज्ज्ञ निवडताना दोन प्रश्न जरूर विचारा: ईटिंग डिसऑर्डरच्या रुग्णांसोबत काम केलं आहे का? आणि मानसोपचारतज्ज्ञांशी समन्वय ठेवता का? पहिल्याच भेटीत वजन कमी करण्याचं किंवा कॅलरी मोजण्याचं बोलणं सुरू झालं, तर दुसरीकडे जा.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, वारंवार उलट्या किंवा जीव देण्याचे विचार असतील तर थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. बोलायला कुणीतरी हवं असेल तर सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

बरं व्हायला काही महिने, कधी काही वर्षंही लागतात. मध्येच पाऊल मागे पडलं म्हणजे सगळं वाया गेलं, असं नाही. पुढचं जेवण वेळेवर घ्यायचं, सुरुवात तिथूनच पुन्हा होते.