गच्चीची किल्ली कोणाकडे?

चाळीत जिना, गॅलरी, नळ सगळं सामायिक. भांडण व्हायचं ते नंबरावरून. फ्लॅट आले आणि भांडण कुलपावर आलं.

कायदा मात्र जुनाच आहे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानुसार २० वर्षं उघडपणे, अखंड, हक्क म्हणून वापरलेली वाट शेजाऱ्याच्या जमिनीतून जात असली तरी त्याला ती अडवता येत नाही. १९६३च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट कायद्याने बिल्डरला सामायिक जागा उघड करायला लावल्या. तरी इमारतीखालचं पार्किंग विकलं जातच राहिलं. शेवटी २०१०मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, स्टिल्टमधली जागा म्हणजे फ्लॅट नव्हे; बिल्डरला ती वेगळी विकता येणार नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये गच्चीच्या दाराला वरच्या मजल्यावरच्या काकांचं कुलूप आहे. ‘टॉप फ्लोअरचे जास्त पैसे मोजलेत,’ म्हणतात. टाकी साफ करणारा त्यांची वाट बघत जिन्यात बसून राहतो. मी सॉफ्टवेअरवाला, आमच्याकडे ॲक्सेस वेगळा, ओनरशिप वेगळी. काकांकडे तर गच्चीची ओनरशिपही नाही, ती सोसायटीची.

पुढच्या मीटिंगमध्ये मी एवढंच विचारणार आहे: रात्री खाली आग लागली, जिना धुराने भरला, तर किल्ली कोणाकडे मागायची?