नाव सारखे, नंबर वेगळा

निर्मळच्या तळ्याकाठी कार्तिकात जत्रा भरते. त्या गर्दीत 'फ्रान्सिस' किंवा 'इस्माईल' अशी हाक मारून पाहा, चार माणसे वळून बघतील. जत्रेत त्याची गंमत वाटते. जमिनीच्या दप्तरात मात्र सारख्या नावांवरून भाऊबंदकी पेटते.

यावरचा तोडगा जुनाच आहे. १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली. पुढे मुंबई इलाख्यात शेताशेताला सर्व्हे नंबर पडले. मालक बदलला, पीक बदलले, तरी नंबर तोच. गाव, नंबर आणि हिस्सा एकत्र सांगितले की जमिनीचा नेमका तुकडा समोर येतो.

१९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी संगणकातली माहिती तक्त्यांत मांडण्याची रीत सांगितली, तिच्यातही हेच सूत्र आहे. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला स्वतःची ओळख हवी. तिला 'प्रायमरी की' म्हणतात. ती दुसऱ्या ओळीशी जुळता कामा नये आणि कोरी राहता कामा नये.

पण नंबरच ठाऊक नसेल तर? सातबारा नंबरवार लावलेला. नावाने शोधायचे तर पानन् पान उलटावे लागेल. म्हणून आठ-अ आहे. खातेदार सापडला की त्याच्या नावावरचे सगळे नंबर एका जागी मिळतात. संगणकातली 'इंडेक्स' हेच काम करते. बायर आणि मॅक्राइट यांनी बोइंग कंपनीत असताना १९७०च्या सुमारास तिची एक रचना बसवली. तिच्यात फाट्याफाट्याने जात लाखो ओळींतली हवी ती ओळ तीन-चार टप्प्यांत गाठता येते.

या सोयीची किंमतही आहे. प्रत्येक बदल दोन ठिकाणी नोंदवावा लागतो. संगणक तो आपण होऊन नोंदवतो. हाताच्या लिखाणात तो राहून जाई.

माझ्या फुफीचे तसेच झाले. गावाचे नाव सांगत नाही. आजोबांमागे फेरफार मंजूर होऊन तिचे नाव सातबाऱ्यावर चढले, आठ-अवर मात्र चढलेच नाही. ती नावाने विचारायला गेली, तेव्हा "बाई, तुमच्या नावे काही नाही," असे उत्तर मिळाले. तिने ते खरे मानले आणि पुन्हा त्या पायरीवर गेली नाही. ती वारल्यावर जुन्या पावतीवर आम्हाला नंबर सापडला. त्यावरून उतारा काढला. तिचे नाव तिथेच होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)