पंचविसावा दगड

मंडळी, क्युकेनहॉफ म्हटलं की आपल्याला ट्यूलिप आठवतात आणि ‘सिलसिला’ मधले अमिताभ-रेखा. पण त्या बागेच्या समोरच, रस्ता ओलांडला की, त्याच नावाचा किल्ला आहे. तिथे 2005 साली ‘कॅसलफेस्ट’ ही जत्रा सुरू झाली. ऑनसाइट असताना, ऑगस्ट 2023 मध्ये, एक शनिवार मी तिथे मनसोक्त भटकलो.

जत्रा म्हणजे जत्राच हो! फक्त पिपाणीऐवजी बॅगपाइप, आणि रांगेत तुमच्या पुढे टोकदार कानांची परी. स्टॉलवर शिंगाचे पेले, मधापासून केलेली दारू, चामड्याचे कमरपट्टे, लाकडी तलवारी. युरोपातल्या ख्रिस्तपूर्व देवदेवता मानणारे पेगन लोक इथे मोकळेपणाने वावरतात, म्हणून पूजासाहित्यही भरपूर. धुपाच्या स्टॉलवर चक्क आपली नागचंपा!

मी रून घेतले. रून म्हणजे उत्तर युरोपातली जुनी अक्षरं, दगडांवर कोरलेली. पिशवीतून दगड काढून कौल लावतात. अक्षरं 24, पिशवीत दगड मात्र 25. पंचविसावा कोरा! तो रूढ झाला 1982 साली, राल्फ ब्लम या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकामुळे. विकणाऱ्या बाईंना विचारलं तर हसून म्हणाल्या, "नको असेल तर काढून ठेव, आमच्यातले बरेच जण काढतात."

मग डोक्यात किडा शिरला. प्रत्येक गोष्टीची कमिट हिस्टरी बघायला लागलो. हा ‘मध्ययुगीन’ किल्ला? 17व्या शतकात एका डच ईस्ट इंडिया कंपनीवाल्याने बांधलेलं घर. किल्ल्याचं रूप आलं थेट 19व्या शतकात. पेगन धर्मातला विक्का पंथ? जेराल्ड गार्डनर या निवृत्त ब्रिटिश कस्टम्स अधिकाऱ्याने तो लोकांपुढे आणला. इंग्लंडमधला चेटूकविरोधी कायदा 1951 मध्ये रद्द झाला, आणि 1954 मध्ये त्याचं पुस्तक आलं.

आणि जत्रेचं मुख्य आकर्षण, फांद्या विणून केलेली भलीमोठी आकृती जाळणं? अशा पुतळ्यात गॉल लोक जिवंत माणसं जाळत, असं ज्युलियस सीझरने लिहून ठेवलंय. पण तो त्यांच्याशीच लढत होता, तेव्हा किती खरं मानायचं कोण जाणे. पुढे 1973 च्या एका ब्रिटिश सिनेमाने ही कल्पना घरोघरी नेली. इथे त्या आकृतीत लोक फुलं आणि चिठ्ठ्या ठेवतात. गेलेल्या माणसाला लिहिलेल्या, किंवा काहीतरी सुटू दे म्हणून लिहिलेल्या.

म्हणजे सगळं खोटं? मला नाही तसं वाटत. खोटं तेव्हा, जेव्हा कोणी कोरा दगड हजार वर्षांचा म्हणून गळ्यात मारेल. इथे तर विकणारीनेच सरळ सांगितलं. आणि जुनी गोष्ट क्रूर असेल, तर तिच्यात माणसांच्या जागी चिठ्ठ्या घालणारी नवी आवृत्ती मला जास्त पटते. परंपरेला वय विचारावं जरूर, पण वयावरून तिची किंमत ठरवू नये.

असो. रूममेटला पिशवी दाखवली. त्याने पहिलाच दगड काढला, तो नेमका कोरा. आता अर्थ काय सांगणार, कप्पाळ! :)