अमरावती-अकोल्यात अर्थशास्त्र शिकताय? बाजार समितीपासून रिझर्व्ह बँकेपर्यंत काय काय करता येतं

"एमए झालं ना? मंग आता काय करून राह्यला?"

वऱ्हाडात अर्थशास्त्र घेतलेल्या पोरापोरींना हा प्रश्न लग्नात विचारला जातो, एसटीत विचारला जातो, बापाच्या मित्रांकडून तर हमखास. उत्तरंही ठरलेली आहेत. बीएड करतोय, बँकेचा फॉर्म भरलाय, एमपीएससीची तयारी सुरू आहे. यातलं काहीच चुकीचं नाही. पण हे तिन्ही रस्ते बीएच्या कोणत्याही विषयातून निघतात. मग अर्थशास्त्र शिकून वेगळं काय मिळालं, हा प्रश्न तसाच राहतो.

त्याचं उत्तर शोधायचं तर आधी हे विद्यापीठ कुठे आहे ते बघावं लागेल.

वऱ्हाड म्हणजे उघडं पडलेलं पाठ्यपुस्तक

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी सुरू झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्याशी जोडलेली आहेत. आता या पाच जिल्ह्यांचा आर्थिक इतिहास बघा.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यांना हवा होता इथला कापूस. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस आटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळले. जागतिक बाजारातली उलथापालथ थेट शेतकऱ्याच्या घरात कशी शिरते, याचं हे उदाहरण दीडशे वर्षं जुनं आहे.

पुढचं तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं. भारतातली पहिली नियंत्रित बाजारपेठ १८८६ मध्ये कारंजा इथे सुरू झाली, असं कृषी पणनाच्या पुस्तकांत दिलेलं असतं. हे कारंजा म्हणजे आपलं वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा वेगळा कायदाही झाला. आजच्या बाजार समित्यांची मुळं तिथे आहेत. बीएच्या परीक्षेत 'नियंत्रित बाजारपेठेची वैशिष्ट्ये' लिहिणाऱ्या किती जणांना ती बाजारपेठ आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीत निघाली हे ठाऊक असतं, कोण जाणे.

'अनुशेष' हा शब्दही तसाच. विदर्भातला माणूस तो पेपरात वाचतच मोठा होतो. त्यामागे वि. म. दांडेकर या अर्थशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा १९८४ चा अहवाल आहे. रस्ते, सिंचन, आरोग्य, शिक्षण अशा क्षेत्रांत कोणता भाग राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, ते या समितीने मोजलं. राज्याचा एकूण अनुशेष निघाला ३,१८६ कोटी रुपये आणि त्यातला सुमारे ३९ टक्के एकट्या विदर्भाचा. पुढे विजय केळकर समितीने २०१३ मध्ये याच प्रश्नावर अहवाल दिला. विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. आंदोलनं, मोर्चे, विधानसभेतली भांडणं, या सगळ्याच्या तळाशी एक मोजणी आहे. ती मोजणी करणं हे अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाचं काम.

कॉलेजात करण्यासारखं काय आहे?

बहुतेक कॉलेजांत अर्थशास्त्र मंडळ असतं. त्याचं उद्घाटन होतं, पाहुण्यांचं भाषण होतं, भित्तिपत्रक लागतं, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात. फेब्रुवारीत अर्थसंकल्पावर एक चर्चा. संपलं. हे वाईट नाही, पण यातून बायोडेटात एक ओळसुद्धा वाढत नाही.

वाढवायची असेल तर पहिली जागा 'आविष्कार'. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा आधी विद्यापीठ पातळीवर आणि मग राज्य पातळीवर होते. पदवी, पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे गट असतात. लोकांना वाटतं हे सायन्स आणि इंजिनिअरिंगवाल्यांचं. पण मानव्यविद्या आणि वाणिज्य-व्यवस्थापन असे गट त्यात आहेत आणि अर्थशास्त्राचा प्रकल्प तिथे चालतो.

दुसरी जागा नव्या अभ्यासक्रमातच लपलेली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर एमएच्या पहिल्या वर्षाला 'ऑन जॉब ट्रेनिंग' आणि दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला. पदवीलाही फील्ड प्रोजेक्ट आहे. अनेक ठिकाणी हे ट्रेनिंग ओळखीच्या दुकानाच्या शिक्क्यावर उरकलं जातं. क्रेडिट मिळतात, हातात काही येत नाही. तोच वेळ बाजार समिती, जिल्हा सहकारी बँक, जिल्हा सांख्यिकी कार्यालय किंवा एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत घालवला तर मुलाखतीत सांगायला काहीतरी राहतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी मराठी अर्थशास्त्र परिषद आहे. तिचं वार्षिक अधिवेशन होतं, शोधनिबंध वाचले जातात आणि 'अर्थसंवाद' हे तिचं नियतकालिक आहे. इथे एक सावधगिरी. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून देणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय' जर्नलांच्या जाहिराती तुमच्या फोनवरही येत असतील. त्यात छापून आलेल्या पेपरला जाणकार माणूस किंमत देत नाही. उलट नाव खराब होतं.

एक प्रकल्प, जो याच हंगामात करता येईल

समजा विषय घेतला सोयाबीन. २०२५-२६ साठी केंद्राने जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक बाजार समितीची रोजची आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर मिळतो. अकोला, अमरावती, वाशीम आणि कारंजा या चार समित्यांचे ऑक्टोबर ते जानेवारीचे आकडे एक्सेलमध्ये उतरवा. किती दिवस सर्वसाधारण दर हमीभावाच्या खाली होता? आवक वाढली की दर किती घसरतो? एकाच दिवशी अकोल्यात आणि कारंज्यात फरक किती, आणि तो वाहतूक खर्चापेक्षा जास्त आहे का?

इतकं झालं की समितीत जा. तिथे ओलाव्याचा विषय निघेल. सरकारी खरेदीत सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. पावसाने भिजलेला माल त्यात बसत नाही, म्हणून शेतकरी तो व्यापाऱ्याला देतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. आता विचारा: ज्याच्याकडे माल वाळवायला जागा आणि थांबायला पैसा आहे तो कोण, आणि कापणी झाल्याबरोबर विकावं लागतं तो कोण? हमीभाव दोघांसाठी कागदावर एकच आहे.

कापसाचंही असंच करता येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढलं. निर्णय दिल्लीत झाला, त्याची चर्चा अमरावतीच्या बाजारात झाली. भावावर खरंच परिणाम झाला का, हे आकडे लावून तपासणं हा एमएचा चांगला प्रकल्प आहे. 'अमरावती जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीचा अभ्यास' अशा अघळपघळ शीर्षकापेक्षा तर नक्कीच.

ज्यांना बाजारात रस नाही त्यांच्यासाठी मेळघाट आहे. धारणी-चिखलदऱ्यातून कामासाठी होणारं स्थलांतर आणि रेशन हे विषय कधीच संपले नाहीत. अकोल्यात डाळ मिल आहेत. तूर शेतातून निघून डाळ होऊन दुकानात येईपर्यंत भाव कुठे कुठे वाढतो, एवढा एक प्रश्नही वर्षभर पुरेल.

देशपातळीचे आकडे हवे असतील तर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या सर्वेक्षणांचा कच्चा डेटा नोंदणी करून मोफत मिळतो. शेतकरी कुटुंबांच्या पाहणीतून २०१८-१९ मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं होतं, ते याच प्रकारच्या डेटातून. तो हाताळायला 'आर' नावाचं सॉफ्टवेअर पुरतं, आणि तेही फुकट आहे.

शिकता शिकता इंटर्नशिप

रिझर्व्ह बँकेची उन्हाळी इंटर्नशिप असते. अर्थशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी त्यासाठी पात्र असतात, अर्ज साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि काम एप्रिल ते जुलैदरम्यान. म्हणजे एमएच्या पहिल्या वर्षी दिवाळीच्या आसपासच अर्ज करावा लागतो. नेमकं तेव्हा आपल्याकडे पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेची धावपळ असते, त्यामुळे तारीख निघून जाते.

नाबार्डचीही विद्यार्थी इंटर्नशिप आहे, आठ ते बारा आठवड्यांची. त्यात शेती आणि ग्रामीण विषयावर प्रत्यक्ष गावात काम करून अहवाल द्यायचा असतो. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला जे गाव शोधावं लागतं ते तुमच्याकडे मामाचं गाव म्हणून आधीच आहे. मला विचाराल तर वऱ्हाडातल्या विद्यार्थ्याने आधी इथे अर्ज करावा.

डिग्रीनंतरचे रस्ते, खरं खरं

थेट अर्थशास्त्रासाठी असलेल्या नोकऱ्या कमी आहेत. पण आहेत.

सगळ्यात जवळची म्हणजे राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय. अर्थसंकल्पाआधी येणारी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' हेच तयार करतं. जिल्ह्याजिल्ह्यात त्याची कार्यालयं आहेत आणि प्रत्येक जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन तिथून निघतं. सहायक संशोधन अधिकारी, सांख्यिकी सहायक, अन्वेषक अशी पदं असतात आणि अर्थशास्त्राची पदवी त्यात चालते. भरती दरवर्षी निघत नाही, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं.

मुख्यमंत्री फेलोशिपही हेच संचालनालय राबवतं. २०२५-२६ च्या जाहिरातीत ६० जागा होत्या, वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के, एक वर्षाचा अनुभव आणि महिना ६१,५०० रुपये. अनुभवात पूर्णवेळ इंटर्नशिप धरली जाते. वर ऑन जॉब ट्रेनिंग मनापासून करा म्हटलं त्याचं एक कारण हेही आहे. त्या एका वर्षाची सवय तिथूनच लागते.

रिझर्व्ह बँकेत ग्रेड बी अधिकाऱ्यांची भरती असते, त्यात आर्थिक व धोरण संशोधन विभागासाठी वेगळी परीक्षा आहे. अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि खुल्या गटाला ५५ टक्के लागतात.

आणि मग भारतीय आर्थिक सेवा. १९६१ मध्ये स्थापन झालेली ही सेवा यूपीएससीच्या वेगळ्या परीक्षेतून भरली जाते. वय २१ ते ३०, अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी. अर्थशास्त्राचे प्रत्येकी २०० गुणांचे चार पेपर, सामान्य इंग्रजी आणि सामान्य अध्ययन प्रत्येकी १००, मुलाखत २००. जागा मात्र देशभरात मिळून जेमतेम काही डझन, कधी त्याहूनही कमी. उत्तरं इंग्रजीतच लिहावी लागतात. नागरी सेवा परीक्षेसारखी मराठीची सोय इथे नाही.

प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट हवी. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. नेटमधून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पीएचडी फेलोशिप त्या-त्या समाजघटकांसाठी आहेत. पण नेट-सेट झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही. कायम भरती रखडलेली असते आणि अनेक पात्रताधारक वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. हा रस्ता निवडताना हे घरच्यांनाही सांगून ठेवलेलं बरं.

अडतं कुठे?

गणितावर आणि इंग्रजीवर.

अकरावीला 'आर्ट्सला गणित कशाला' म्हणून ते सोडलं जातं. मग बीएत मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या पाठ होतात, पण त्यामागचं समीकरण सुटत नाही. अर्थशास्त्राच्या काही नामवंत संस्था प्रवेशासाठी बारावीला गणित मागतात. आर्थिक सेवेच्या अभ्यासक्रमात सांख्यिकी आणि अर्थमिती आहे. दार बंद होतं ते एमएनंतर, पण कडी अकरावीतच लागलेली असते.

गणित सुटलेलं असेल तर बीएच्या पहिल्या वर्षीच बारावीचं कलन आणि सांख्यिकी पुन्हा काढा. 'स्वयम्'वर दोन्हींचे कोर्स मोफत आहेत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. इंग्रजीसाठी क्लासपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे आर्थिक पाहणी. ती मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघते. शेतीचं प्रकरण आधी मराठीत वाचायचं, मग तेच इंग्रजीत. विषय आपला, आकडे आपले, त्यामुळे शब्द आपोआप लागतात. शासनाच्या संकेतस्थळावर ती डाउनलोड होते.

बाजार समितीत जायचं असेल तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र सचिवांच्या नावे घेऊन जा. लिलाव सुरू व्हायच्या आधी पोहोचा. आणि शेतकऱ्याला प्रश्न विचारायचे तर माल विकून झाल्यावर, चहाच्या टपरीवर. लिलावाच्या आधी त्याचं लक्ष तुमच्या प्रश्नावलीकडे नसतं.